फुंकणीचा श्वास : चुकलेल्या एका स्पायरोमेट्रीचं प्रकरण

मावशी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पाच महिन्यांची कागदपत्रं होती. वय ५८, पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीतल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. आजाराशी संबंध असलेलं सगळं मात्र तसंच ठेवलं आहे.

तक्रार साधी होती. वाडीच्या चढावर अडीच वर्षांपासून दम लागायचा. आधी पाण्याची कळशी घेऊन लागायचा, मग रिकाम्या हातानंही लागू लागला. सकाळी खोकला, थोडा पांढरा बेडका. बिडी-सिगारेट कधीच नाही, मिश्री मात्र तरुणपणापासून. चुलीपुढे बसायला लागल्या त्या चौदाव्या वर्षी. थुंकीची क्षयरोगाची तपासणी आधीच झाली होती आणि ती निगेटिव्ह होती.

पाच महिन्यांपूर्वी दुसरीकडे त्यांची स्पायरोमेट्री झाली, म्हणजे यंत्राच्या नळीत जोरात श्वास सोडून किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजण्याची तपासणी. यंत्राने रिपोर्टच्या तळाशी आपलं निदान छापलं होतं: ‘मॉडरेटली सिव्हिअर रिस्ट्रिक्शन’. म्हणजे फुप्फुसं आकसली. या एका ओळीच्या मागे पुढचं सगळं आलं. छातीचं सीटी स्कॅन झालं. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, की फुप्फुसांत कुठे फिकट, कुठे गडद असे ठिगळांसारखे भाग दिसतात आणि सुरुवातीचा इंटरस्टिशियल आजार, म्हणजे फुप्फुसं कडक करणारा आजार, नाकारता येत नाही. मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, आधी रोज २० मिलिग्रॅम, पुढे १०. माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा सुजला होता, वजन सहा किलोंनी वाढलं होतं आणि उपाशीपोटी साखर १६८ होती. दम होता तिथेच होता. सुनेने घरचं सोनं गहाण ठेवून सीटीचे पैसे भरले होते. ते तिने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं.

तपासताना मला पहिली शंका आली. फुप्फुसं खरंच कडक होऊन आकसली असतील तर पाठीवर खाली, श्वास घेताना, वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा बारीक चरचराट बहुतेक वेळा ऐकू येतो. इथे तो नव्हता. बोटांची टोकंही फुगलेली नव्हती. उलट श्वास सोडण्याचा वेळ लांबला होता. स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवून मी म्हटलं, “मावशी, छाती भरून श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून सगळा बाहेर जाऊ द्या.” घड्याळ आठ सेकंदांवर गेलं तरी आतून हवेचा आवाज येतच होता. निरोगी माणूस जोरात श्वास सोडतो तेव्हा हा आवाज तीन-चार सेकंदांत थांबतो. सहाच्या पुढे गेला की नळ्या अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. ही जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे आणि मला ती अजून फार उपयोगी पडते.

मग मी जुना रिपोर्ट पुन्हा हातात घेतला, पण तळची ओळ हाताने झाकून. आकडे असे होते: एफव्हीसी, म्हणजे पूर्ण छाती भरून जोरात सोडलेली एकूण हवा, १.३४ लिटर, त्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईला अपेक्षित आकड्याच्या ५२ टक्के. एफईव्ही-१, म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, १.१० लिटर, ५० टक्के. दोन्हींचं गुणोत्तर ८२ टक्के. एकूण हवा कमी, गुणोत्तर चांगलं. पुस्तकी नियमाने ही आकसलेल्या फुप्फुसांचीच चाल, आणि यंत्राने तो नियम बरोबर लावला होता. त्याला दिलेले आकडेच चुकीचे होते.

चूक आलेखात दिसत होती. वेळ आणि हवेच्या आलेखात रेषा आधी झपाट्याने चढते, मग मंदावते आणि शेवटी आडवी होते, कासच्या पठारासारखी. छाती रिकामी झाली याची खूण म्हणजे ते पठार. मावशींची रेषा चढतीवर असतानाच १.८ सेकंदांना कड्यासारखी तुटली होती. शेजारच्या वेग आणि हवेच्या आलेखातही तेच. शिखरापासून उतरणारी रेषा आत खचलेली, ढिल्या वाळवणाच्या दोरीला झोळ पडावा तशी, आणि अध्येच सरळ खाली कोसळलेली. आकसलेल्या फुप्फुसांत ही उतरण सरळ, उंच आणि अरुंद असते. खचलेली रेषा अडथळ्याची, म्हणजे ऑब्स्ट्रक्शनची. खरं निदान त्या पहिल्या कागदावरच उमटलं होतं, फक्त ते आकड्यांच्या रकान्यात नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली. रिपोर्टवर उंची १५८ सेंटिमीटर होती. चपला काढून भिंतीला लावून मोजली तर १४९ भरली. बहुधा कुणीतरी विचारून किंवा अंदाजाने टाकली असावी. नऊ सेंटिमीटरनी काय बिघडतं? अपेक्षित आकडा यंत्र वय, उंची आणि लिंगावरून समीकरणाने काढतं. ते यंत्र १९९३ च्या युरोपीय समीकरणांवर लावलेलं होतं. त्या हिशोबाने ५८ वर्षांच्या, १५८ सेंटिमीटरच्या स्त्रीची एफव्हीसी २.६० लिटर अपेक्षित. १४९ सेंटिमीटरला तीच २.२० होते. तोंड लावण्याआधीच मावशींच्या नावावर ४०० मिलिलिटरची तूट चढली होती. वजनकाट्याशेजारी उंचीची पट्टी असते, ती वापरायला अर्धा मिनिट लागतो. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांत बाक नेहमीचा, तरी ही मोजणी क्वचितच होते.

तपासणी आमच्याकडे पुन्हा करायची ठरलं. आमच्या तंत्रज्ञ ताई या कामात मुरलेल्या आहेत. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासतात, ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जात नाहीत. पण पहिल्या फेरीत त्यांनाही तेच मिळालं: १.३८, १.२९, १.४१ लिटर, आणि प्रत्येक वेळी दोन सेकंदांच्या आत शेवट.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या प्रकरणात मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथेच. २०१९ च्या अमेरिकन-युरोपीय मानकांप्रमाणे दोन सर्वोत्तम फुंकांतला फरक १५० मिलिलिटरच्या आत असला की तपासणी पुनरावृत्तीला उतरली. इथे तो ३० मिलिलिटर होता. श्वास पूर्ण सुटला का, हे ठरवायला पठार किंवा पंधरा सेकंद हे निकष आहेत. शिवाय एक तिसरी सवलत आहे: तेवढा वेळ जमतच नसेल तर आधीच्या सर्वांत मोठ्या फुंकेइतकी हवा पुन्हा आली तरी चालेल. ही सवलत लहान मुलं आणि खरोखर आकसलेली फुप्फुसं असलेल्यांसाठी आहे. मावशींच्या तीन फुंका त्या फटीतून निसटून ‘उत्तम’ ठरू शकल्या असत्या. त्या दर वेळी एकाच जागी थांबत होत्या, म्हणून चूक अगदी काटेकोरपणे पुन्हा पुन्हा येत होती.

ताईंनी यंत्र बाजूला सारलं, बाहेर बसलेल्या दोन पुरुष रुग्णांना चहाला पाठवलं आणि पडदा ओढला. मी आत नव्हतो, पुढचं त्यांच्याकडून ऐकलेलं.

“मावशी, मधीच का थांबताय?”

“तुमी फुका म्हनलासा, म्या फुकलं की.”

चूल पेटवताना फुंकणी तोंडाला लावून त्या चव्वेचाळीस वर्षं फुंकत आल्या होत्या. फुंकणीची फुंक जोरकस, आखूड आणि निखारा लाल झाला की संपलेली. तोंडापुढे नळी आली आणि कानावर ‘फुंका’ पडलं, तेव्हा शरीराने शिकलेलं काम चोख केलं. आपण सगळेच ‘फुंका, जोरात फुंका’ म्हणतो. तो शब्द चुलीपुढे वाढलेल्या बाईला काय सांगतो, याचा विचार मी वीस वर्षांत केला नव्हता.

पण तेवढंच नव्हतं. ताईंनी आणखी खोदून विचारलं तेव्हा मावशी हळू आवाजात बोलल्या. जोर लावला की लघवी सुटते. चार बाळंतपणं घरी झालेली, खोकल्यानेही लुगडं भिजायचं. पहिल्या ठिकाणी तपासणी करणारा तरुण मुलगा होता, मागे माणसं उभी होती. दुसऱ्या सेकंदाला ओल जाणवली की त्या तोंड काढून घ्यायच्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही.

त्या ओझरत्या वाक्याने माझ्याकडचे कितीतरी जुने रिपोर्ट डोळ्यांपुढे आले. पन्नाशी ओलांडलेल्या, तीन-चार बाळंतपणं झालेल्या बायकांच्या कागदांवर ‘सहकार्य अपुरं’ असा शेरा मी स्वतः लिहिलेला आहे. त्यांतल्या किती जणी सहकार्य देत नव्हत्या आणि किती जणी लाज राखत होत्या, हे आता कळणार नाही.

ताईंनी त्यांना आधी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, पॅड दिलं, सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवलं, नाकाला चिमटा लावला. ‘फुंका’ हा शब्द काढून टाकला. “छाती गच्च भरून घ्या. आता सोडा! जाऊ दे, जाऊ दे, अजून आहे आत, अजून, अजून, पोट आत घ्या, अजून…” मधे वीस मिनिटांची विश्रांती दिली. एका बैठकीत आठ फुंकांपलीकडे जायचं नाही, म्हणून मोजकेच प्रयत्न उरले होते. त्यांतल्या तीन फुंका स्वच्छ आल्या. सर्वांत लांब ११ सेकंदांची होती आणि शेवटी रेषा आडवी झाली.

एफव्हीसी २.०२ लिटर, खऱ्या उंचीच्या हिशोबाने ९२ टक्के. एफईव्ही-१ १.१४ लिटर, ६२ टक्के. गुणोत्तर ५६ टक्के.

जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून पाहा. एफईव्ही-१ फक्त ४० मिलिलिटरनी बदललं. पहिला सेकंद मावशींनी प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे दिला होता. एफव्हीसी मात्र ६८० मिलिलिटरनी वाढली. गुणोत्तर म्हणजे भागाकार. छेद खोटा लहान असला की उत्तर खोटं मोठं येतं, आणि अडथळा त्यामागे लपतो. अरुंद नळ्यांतून हवा सावकाश येते, म्हणून अडथळ्याच्या रुग्णाची शेवटची हवा पाचव्या, आठव्या, दहाव्या सेकंदाला बाहेर पडते. अर्धवट फुंकेत सर्वाधिक नुकसान त्यांचंच होतं.

गुणोत्तर किती खाली गेलं की अडथळा म्हणायचा, यावर मतभेद आहेत. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराच्या, ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिका ७० टक्क्यांची सरसकट रेघ मारतात. श्वसनक्रिया तज्ज्ञ वयानुसार बदलणारी खालची मर्यादा मागतात, म्हणजे निरोगी लोकांतल्या तळच्या पाच टक्क्यांची रेघ. गुणोत्तर वयाबरोबर निसर्गतःच घसरतं, त्यामुळे सरसकट रेघेने निरोगी म्हातारी माणसं आजारी ठरतात आणि आजारी तरुण सुटतात. मी वयानुसार बदलणाऱ्या मर्यादेच्या बाजूचा आहे. मावशींच्या बाबतीत मात्र ५६ टक्के दोन्ही रेघांच्या खूप खाली होतं, वादाला जागा नव्हती.

‘अपेक्षित’ आकडा कुणाचा, हा प्रश्न जास्त अवघड. १९९३ ची समीकरणं युरोपीय लोकांची. त्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी भारतीय माणसाची एफव्हीसी त्यापेक्षा सहसा कमी भरते. २०१२ ची जागतिक समीकरणं आली, पण त्यात भारतीयांसाठी वेगळा गट नव्हता. २०२२ मध्ये वंशभेद न करणारी एकच जागतिक मालिका आली आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तीच वापरा असं सांगितलं. छातीरोगतज्ज्ञांच्या दोन भारतीय संघटनांनी २०१९ च्या संयुक्त मार्गदर्शिकेत त्या त्या प्रदेशाच्या भारतीय समीकरणांना पसंती दिली आहे. माझा व्यवहार असा: गुणोत्तर खाली असेल तर समीकरण बदलून निदान बदलत नाही, फार तर तीव्रतेची पायरी बदलते. पण गुणोत्तर चांगलं आणि एफव्हीसी कमी असेल, तर ‘आकसलं’ म्हणण्याआधी यंत्र कोणत्या समीकरणावर लावलंय ते बघायचंच. पाश्चात्त्य समीकरणांवर चालणाऱ्या यंत्रांतून निरोगी, बुटक्या, सडपातळ बायका ‘सौम्य रिस्ट्रिक्शन’ घेऊन बाहेर पडताना मी बघतो.

मग नळ्या उघडणारं साल्ब्युटॅमॉल ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरने, म्हणजे इनहेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, दिलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. एफईव्ही-१ १.२७, एफव्हीसी २.२०, गुणोत्तर ५८ टक्के. एफईव्ही-१ ची वाढ १३० मिलिलिटर, आधीच्या आकड्याच्या ११ टक्के. औषधाने अडथळा सुटला असं म्हणायला जुन्या नियमाला १२ टक्के आणि २०० मिलिलिटर दोन्ही लागतात. २०२१ च्या नव्या मानकात वाढ अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त हवी, इथे ती ७ टक्के. दोन्हींनी उत्तर ‘नाही’. पण याचा अर्थ दम्याचा अंश नाही असा होत नाही, आणि इनहेलरचा उपयोग होणार नाही असा तर मुळीच होत नाही. त्या पाच महिने स्टिरॉइडवर होत्या. सुटू शकणारा अडथळा आधीच सुटला असण्याची शक्यता होती.

लंग व्हॉल्यूम, म्हणजे फुप्फुसांत मावणारी एकूण हवा, मोजायला पुण्याला पाठवायचं का, असं सुनेने विचारलं. फुप्फुसं खरंच आकसली आहेत हे फक्त एकूण क्षमतेवरून ठरतं, स्पायरोमेट्रीने नाही, कारण सोडल्यावर आत उरलेली हवा ती मोजू शकत नाही. १९९९ मध्ये कॅनडात १,८३१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात स्पायरोमेट्रीने पक्कं रिस्ट्रिक्शन दाखवलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून कमी जणांत ते खरं निघालं. उलट एफव्हीसी व्यवस्थित असेल तर रिस्ट्रिक्शन असण्याची शक्यता ३ टक्क्यांच्याही आत होती. मावशींची एफव्हीसी आता ९२ टक्के होती. पुण्याची फेरी आणि खर्च मी वाचवला. सहा मिनिटं चालवून पाहिलं: ३१० मीटर, ऑक्सिजन ९६ वरून ९३. सीटीच्या फिल्म्स रेडिओलॉजिस्ट मित्रासोबत पुन्हा पाहिल्या. ती ठिगळं बारीक नळ्यांत अडकलेल्या हवेची होती. अहवालातला इंटरस्टिशियल आजाराचा शब्द स्पायरोमेट्रीची ओळ वाचून आला असावा, असं आम्हा दोघांनाही वाटलं. चुकीचा एक कागद दुसऱ्या कागदाला अशी साक्ष द्यायला लावतो.

निदान ठरलं: चुलीच्या धुराने झालेली सीओपीडी. धूम्रपान न केलेल्या बाईला हा आजार होतो हे अजूनही अनेकांना पटत नाही. प्रेडनिसोलोन सहा आठवड्यांत उतरवत थांबवलं. इतक्या महिन्यांनंतर ते एकदम तोडणं धोक्याचं असतं. नळ्या उघड्या ठेवणारी दोन औषधं एकत्र असलेला इनहेलर स्पेसरसह दिला आणि फ्लूची लस टोचली. लघवीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि ओटीपोटाच्या व्यायामांसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. हा या उपचारातला दुय्यम भाग नव्हता. खोकला चालू असेपर्यंत तो त्रास वाढणारच होता.

चुलीचं सोपं नव्हतं. घरात उज्ज्वला योजनेचा गॅस होता. चहा आणि भाजी त्यावर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे दर महिन्याला निघत नाहीत आणि जळण रानात फुकट मिळतं. ‘चूल बंद करा’ असं लिहून मोकळं होणं मला जमलं नाही. पाण्याची चूल परसात नेली, भाकरी सून करते आणि धुराच्या वेळी मावशी बाहेर बसतात, एवढं तूर्त झालं. सुनेच्या छातीत तोच धूर आता जातोय. तिचं वय ३१. तिचीही स्पायरोमेट्री आम्ही करून ठेवली आहे, ती आज व्यवस्थित आहे.

तीन महिन्यांनी मावशी चालत आत आल्या. सहा मिनिटांत ३७५ मीटर. एफईव्ही-१ १.२९, एफव्हीसी २.२४. उपाशीपोटी साखर ११८. चेहऱ्याची सूज उतरली होती.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. स्टिरॉइड चालू असताना त्यांच्या रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९० होत्या, आणि त्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नव्हता, कारण स्टिरॉइड त्या पेशी दाबतं. ते पूर्ण बंद झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजल्या तर ३६० निघाल्या. ३०० च्या वर आकडा असला की श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड उपयोगी पडण्याची शक्यता वाढते, आणि दम्याचा अंश असण्याचा माझा संशयही वाढतो. दुसऱ्या बाजूला त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो, वर्षभरात त्यांचा आजार एकदाही बळावलेला नाही आणि त्यांची साखर नुकतीच खाली आली आहे. जंत आणि इतर कारणं आधी तपासायला पाठवली आहेत. सध्या मी थांबलो आहे. दिवाळीनंतर, थंडी सुरू झाली की, ताई पुन्हा पडदा ओढून त्यांची स्पायरोमेट्री करतील, आणि त्या आलेखाच्या शेजारी हे कागद ठेवून मी ठरवेन.